सहा भोकांची कडी

"ताई, चावी द्या," रविंद्रसाहेब म्हणाले.

"नाही," प्रज्ञा म्हणाली.

सकाळपासून हे संभाषण एवढंच होतं. फक्त मॅनेजरसाहेबांचं 'ताई' दर खेपेला जरा लांबत चाललं होतं. पहिल्यांदा ते राखीच्या दिवशी येतं तसं आलं होतं. आता बहिणीने शेतात हिस्सा मागितल्यावर येतं तसं येत होतं.

प्रज्ञा पॅनल रूममध्ये रबरी चटईवर मांडी घालून बसली होती. तिच्या मनगटात निळा पट्टा होता. पट्ट्यातून जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळीची वायर निघत होती आणि वायरचं दुसरं टोक पॅनलच्या अर्थिंगच्या पट्टीला चिमट्याने लावलेलं होतं. माणसाच्या अंगावर थोडी वीज साचलेली असते. स्वेटर काढताना चटचटते ती. ती इलेक्ट्रॉनिक कार्डात उतरली तर कार्ड मरतं, आणि मेल्यावरही बरेच दिवस जिवंत असल्यासारखं वागतं. हे माणसांमध्ये चालून जातं, कार्डात चालत नाही. म्हणून कार्डाला हात लावण्याआधी स्वतःला जमिनीशी जोडून घ्यायचं.

कारखाना जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याच्या अलीकडे लागतो. नाव 'लाडकुंवर ऑइल अँड एनर्जी'. लाडकुंवर ही मालक हस्तीमल शेठची आई, कारखान्याची माँजी, हयात आणि खणखणीत. सरकीचं तेल काढायचं, बॉयलरमध्ये कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि शेंगांची टरफलं जाळायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि त्या विजेवर परत तेल काढायचं, असा सगळा घरच्या घरी मामला. टर्बाइन म्हणजे एका दांड्यावर ओवलेली पात्यांची चाकं. वाफ आली की फिरतात. फारच फिरली की जागा सोडून येतात, भिंत आडवी आली तरी. तसं होऊ नये म्हणून पॅनलमध्ये तीन कार्डं वेग मोजत बसतात. तिघांपैकी दोघांचं मत पडलं की वेग जास्त झालाय, तर वाफेची झडप आपोआप बंद होते. गावात पंच असतात तसंच, फक्त यांना चहा लागत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे पंच बिघडले होते. रोज सकाळी, बाहेर दव असताना, टर्बाइन शहाण्यासारखं फिरत असलं तरी दोन कार्डं म्हणत, सुटलं, पळा. झडप धप्पकन पडे. ऊन वर आलं की तीच कार्डं म्हणत, आम्ही कुठे काय म्हणालो.

अकरा वर्षं हा पॅनल प्रज्ञाच्या हाताखाली होता. दसऱ्याची रजा संपवून नागपूरहून परत आल्यावर तिने आधी वेग टिपणारे सेन्सर बदलले. दोष तिथे नव्हता. मग केबल तपासली. तिथेही नव्हता. दोन्ही वेळा तिने "माझं चुकलं, दुसरीकडे बघते" असं सरळ सांगून टाकलं. या खरेपणाने साहेबांचा तिच्यावरचा विश्वास वाढायला हवा होता. तो कमी झाला.

आणि आज कोजागिरी होती. शेठने जळगाव, धुळे, रावेरचे व्यापारी मसाला दुधाला बोलावले होते. हिरवळीवर मोठे फ्लडलाइट उभे केले होते, आणि ते कारखान्याच्या स्वतःच्या विजेवर लागणार, असं निमंत्रणातच छापलं होतं. चंद्र बघायला येणाऱ्या लोकांसाठी चंद्र दिसणार नाही एवढा उजेड करायचा, अशी योजना होती. वीज मंडळाची लाइन होतीच, पण तिच्यावर शेठची कोजागिरी होणार नव्हती.

रविंद्रसाहेबांची योजना सोपी होती. पॅनलच्या मागे दोन स्क्रूंच्या मध्ये वायरचा एक तुकडा टाकायचा. मग पंच काहीही बोलोत, झडप ऐकणार नाही. टर्बाइन बिनबोभाट फिरेल. खरोखर सुटलं तरी बिनबोभाटच सुटेल.

"एका संध्याकाळचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

"आणि संध्याकाळीच सुटलं तर?"

"ताई, हे चूक आहे हे मला कळतं. धुळ्याला इंजिनिअरिंगची चार वर्षं मी तेच शिकलो. पण शेठना माझं ज्ञान नकोय, त्यांना लाइट हवेत." साहेब खरं बोलत होते. खरं बोलताना ते नेहमी घामाघूम होत. "तुम्ही फक्त कुलूप काढा. पुढचं मी बघतो."

कुलूप पॅनलच्या वीजपुरवठ्याच्या ब्रेकरला होतं. ब्रेकर खाली ओढला की त्याच्या दांड्यात एक लाल लोखंडी कडी अडकवायची. कडीला सहा भोकं. एका मशीनवर सहा माणसं काम करत असतील तर सहा जणांनी आपापलं कुलूप लावायचं, आणि शेवटचं कुलूप निघेपर्यंत दांडा वर जात नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. कारखान्यात मात्र त्या कडीत आजवर एकच कुलूप लागलं होतं. बाकीचे म्हणत, "ताईंनी लावलंय ना, मग झालं." पाच भोकं कोरी होती. कुलपाच्या चिठ्ठीवर प्रज्ञाचा फोटो होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातला. त्यात ती पोलीस शोधत असल्यासारखी दिसत होती. खाली लिहिलेलं: काम चालू आहे, माझा जीव या मशीनमध्ये आहे.

प्रज्ञाच्या वडिलांचा, आधारआबांचा, जीव एकदा असाच मशीनमध्ये होता. बोदवडच्या जिनिंगमध्ये. "मशीन बंद शे, घाल हात," असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि दोन बोटं गेली. कोण म्हणालं ते आबा आजही सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात की तेव्हापासून नखं कापायला कमी वेळ लागतो.

"कार्ड बघून होऊ दे," प्रज्ञा म्हणाली. "मग बोलू."

साहेब शेठना फोन लावायला बाहेर गेले.

प्रज्ञाने घाई केली नाही. ब्रेकर पाडल्यावरही कार्डाच्या पोटात वीज उरते, भांडण मिटल्यावर घरात उरते तशी. ती उतरायला वेळ दिला होता. मग मीटर आधी चालू प्लगला लावून बघितला होता, नंतर पॅनलला, नंतर परत प्लगला. मेलेला मीटर आणि मेलेली लाइन, दोघेही शून्यच दाखवतात. शून्य कुणाचं आहे ते विचारून घ्यावं लागतं. मीटर जिवंत होता, पॅनल मेलेला होता, तेव्हाच तिने पट्टा बांधून पहिलं कार्ड कडेने धरून हळूच ओढलं होतं.

आता तिने ते दिव्याखाली धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. वरून स्वच्छ. उलटं केलं. चिपच्या खालच्या पायांच्या रांगेत, दोन पायांच्या मध्ये, एक लालसर पापुद्रा होता. त्याच्या कडेने तांबं हिरवं पडायला लागलं होतं. तिने दुसरं कार्ड काढलं. तिथेही पापुद्रा, जरा मोठा, बोटाच्या आकाराचा. तिसऱ्यावर थोडासाच. मग तिने कार्डांच्या खालच्या खाचेत टॉर्च मारली.

चिमट्याने तिने जे बाहेर काढलं तो तांदळाचा दाणा होता.

"चुडामणभाऊ," तिने हाक मारली.

चुडामण टर्बाइनचा ऑपरेटर. साक्रीकडचा, बोलणं अहिराणी. त्याची प्लास्टिकची खुर्ची टर्बाइनच्या चाकाच्या बरोबर समोर होती. चाक सुटलंच तर पहिल्यांदा त्या खुर्चीशी ओळख करून घेणार होतं. हे प्रज्ञाने त्याला समजावून सांगितलं होतं. त्याने नीट ऐकून घेतलं होतं आणि खुर्ची वीतभर सरकवली होती. त्यापलीकडे पंख्याचा वारा येत नव्हता.

तो दारात आला. प्रज्ञाने दाणा पुढे केला.

"हे काय आहे?"

चुडामणने दाण्याकडे बघितलं. दाणाच काही बोलला तर बरं, असा त्याचा चेहरा होता. "कोलम शे, ताई."

"जात नाही विचारली. आला कसा?"

पूजेच्या दिवशी ज्याचं मशीन त्याने पुजायचं, अशी कारखान्याची रीत. वेल्डर-फिटर वना वेल्डिंग सेट पुजतो, बॉयलरवाले बॉयलर. पॅनलची पूजा मात्र कधी प्रज्ञाकडे आली नाही. तिने मागितली नाही, कुणी दिली नाही, आणि दोन्हीकडच्यांना ते सोयीचं होतं. दसऱ्याला ती दरवर्षी आबांना घेऊन दीक्षाभूमीला जाते. जाताना पॅनलच्या दाराची चावी चुडामणकडे देते. अकरा वर्षं त्या चावीला कुणी हात लावला नव्हता, कारण कुंकू दाराला बाहेरून लागायचं.

"यंदा माँजी उन्यात," चुडामण म्हणाला. "त्यास्नी इचारं, या कपाटमा काय शे? मी म्हनं, टर्बाइननं डोकं शे. त्या म्हन्यात, मंग डोकं सोडून कपाटले काय कुंकू लावतोस? माले बी पटनं, ताई. दारले कुंकू लाईसन देव कसा पावी? देव मझार शे."

"देव आत. म्हणून उघडलंस."

"उघडं."

"टिळा किती जणांना लावला?"

"तिन्हीस्ले. एकले लाया नि दोनले नही, असं बरं दिसतं का?"

"आणि नारळ?"

"नारळ बाहेर फोडा."

"किती बाहेर?"

चुडामणने पॅनलच्या उंबऱ्याकडे बघितलं, मग छताकडे.

म्हणजे असं झालं होतं. कुंकू, हळद, वर नारळाचं पाणी. दुपारी ते सुकायचं आणि गप्प बसायचं. सकाळी दवाने ओलसर व्हायचं, आणि दोन पायांच्या मधून थोडी वीज या बाजूची त्या बाजूला जायची. कार्डाला वाटायचं वेग वाढला. कार्ड खोटं बोलत नव्हतं. त्याच्या कपाळाला जे लावलं होतं तेच ते बोलत होतं.

रविंद्रसाहेब फोन करून परत आले तेव्हा प्रज्ञाने त्यांना दाणा, पापुद्रा आणि हकिगत तिन्ही दाखवलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"कुंकू हे कारण असू शकत नाही," ते म्हणाले.

"का?"

"माँजींनी लावलंय."

"साहेब, साफ करून, सुकवून, टेबलावर तपासून, परत बसवून, टर्बाइन एकदा मुद्दाम बंद पाडून बघायचं. उद्या दुपारपर्यंत होईल."

"उद्या कोजागिरी नाही. कारण म्हणून हवेतला ओलावा सांगू. आत्ता वायर टाकू."

"ओलावा खरा आहे. पण तो कुंकवात आहे."

साहेब खुर्चीवर बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शेठशी बोललो मी. ते म्हणाले, बाईला चावी द्यायची नसेल तर तिला बोदवडच्या जिनिंगला पाठवा. तिथे पॅनल नाही की कार्ड नाही. एक स्टार्टर आहे, दांड्याचा. अकरा वर्षांचं तुमचं काम, ताई. विचार करा."

बोदवडचं जिनिंग शेठचंच होतं. आबांची दोन बोटं जिथे राहिली तेच. प्रज्ञाने विचार केला. समोर उघडा पॅनल होता. त्यातली प्रत्येक वायर तिने कधी ना कधी हातात धरली होती. नंबरांच्या टोप्या तिच्या अक्षरातल्या होत्या. घरी तिचं इतकं कुणी ऐकत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली आणि ब्रश उचलला.

त्याच वेळी कँटीनच्या मंदाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी प्रज्ञाचं मनगट बघितलं, पट्टा बघितला, वायर बघितली, वायर पॅनलला चिमट्याने लावलेली बघितली, घामाघूम साहेब बघितले. चहा खाली ठेवला आणि एक अक्षर न बोलता गेल्या. पुढचं सगळं त्या बाहेर बोलल्या.

"ताईनी सोताले मशीनले बांधी लिधं."

"कसाकरता?"

"ते माले माहीत नही. पन बरोबरच व्हई."

थोड्या वेळात खिडकीला माणसं लागली. मग दाराला. वनाने दसऱ्याचा उरलेला झेंडूचा हार आणला. तो वाळून पापडासारखा झाला होता आणि प्रज्ञाच्या गळ्यात घातल्याबरोबर त्याची फुलं कार्डावर पडू लागली.

"वनाभाऊ, काढा हे. एका पूजेचं निस्तरते आहे अजून."

"असू द्या ताई. आंदोलनाला हार लागतो."

"हे आंदोलन नाही. हा पट्टा अंगावरची वीज जमिनीत जायला असतो."

"तेच तं," वना म्हणाला आणि लोकांकडे वळला. "जमिनीवर बसल्या आहेत. हटणार नाहीत."

दुपारपर्यंत तिच्या दोन मागण्या झाल्या होत्या. हमालांना गार पाणी, आणि बायकांच्या संडासाला आतून कडी. दोन्ही तिला तिथेच बसल्या बसल्या कळल्या. दुसरी तिला पटली.

साहेब गर्दीतून वाट काढत आले. "ताई, हे काय चालवलंय? बाहेर घोषणा सुरू आहेत."

"मी कार्ड साफ करतेय."

"त्यांना सांगा तसं. उठा, बाहेर या आणि सांगा."

प्रज्ञाने हातातल्या ब्रशकडे बघितलं. मग मनगटाकडे. आयुष्यात तिने कशासाठी कधी घोषणा दिली नव्हती. ती फक्त नाही म्हणत आली होती, तेही एकेकट्या माणसाला, हळू आवाजात. उठणं सोपं होतं. चिमटा काढायला दोन बोटं लागतात, आणि तिची दहाच्या दहा जागेवर होती.

"मला उठता येत नाही, साहेब," ती म्हणाली. "मी बांधलेली आहे."

बाहेर टाळ्या पडल्या.

साहेबांनी वनाला बाजूला घेतलं. "करवत आण. ते कुलूप काप."

वना गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा करवतीला पातं नव्हतं. पातं आणायला गेला तर पातं आणलं आणि करवत विसरला. शेवटी दोन्ही घेऊन ब्रेकरसमोर उभा राहिला. कडीतल्या कुलपाकडे, फोटोतल्या बाईकडे बघत राहिला.

"साहेब, परवा मी बॉयलरच्या भट्टीत उतरणार आहे, नळी बदलायला. तेव्हा तिथल्या पंख्याच्या ब्रेकरला माझं कुलूप असणार."

"मग?"

"तेव्हा करवत कोणाकडे राहील, तेवढं सांगा."

इतक्यात चुडामण पुढे आला. त्याच्या हातात पितळेचं जुनं कुलूप होतं, त्याच्या इथल्या कपड्यांच्या कपाटाला नेहमी उघडंच लटकलेलं. तो कुणाकडे न बघता ब्रेकरपाशी गेला, कडीच्या दुसऱ्या भोकात कुलूप घातलं आणि दाबलं. टक् असा आवाज झाला.

"चुडामण, काय करतोस?"

"साहेब, मन्ही खुर्ची तठेच शे," चुडामण म्हणाला. "नि दार मीच उघडं व्हतं."

वनाने करवत भिंतीला टेकवली आणि आपल्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप काढून आणलं. तिसरं भोक. मंदाबाईंनी कँटीनच्या कपाटाचं आणलं. त्या दिवशी कँटीनमधली साखर जी गेली ती आजपर्यंत सापडली नाही, पण मंदाबाई त्याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. पाचवं बॉयलरवाल्याचं. सहावं कुणीतरी मोटरसायकलच्या डिकीचं लावलं, आणि मग बाहेर आणखी चार माणसं कुलपं घेऊन उभी राहिली. त्यांना जागा नव्हती. त्यातल्या एकाने सातवं भोक पाडून द्यायची तयारी दाखवली.

रविंद्रसाहेबांनी सहा कुलपं बघितली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, आणि का कोण जाणे, त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. आता काही त्यांच्या हातात नव्हतं.

चारच्या सुमारास माँजींची गाडी आली. दुधाची तयारी बघायला त्या स्वतः आल्या होत्या. गर्दी बघून त्यांना वाटलं, अजून पूजा चालू आहे. लोकांनी वाट दिली. ऐंशी ओलांडलेल्या, बारीक, डोळ्याला काळा चष्मा. नुकताच मोतीबिंदू काढलेला. त्यांनी चटईवर बसलेल्या प्रज्ञाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बेटी, तुला बांधलं कुणी?"

"मीच, माँजी."

"मग बरोबर." त्यांना ते समजण्यासारखं वाटलं. "मशीन का बंद?"

साहेब घाईने म्हणाले, "माँजी, हवेत ओलावा..."

"कुंकू आत गेलंय," प्रज्ञा म्हणाली.

दोन कार्डं छोट्या पंख्यासमोर वाळत होती. प्रज्ञाने तिसरं कार्ड कडेने धरून त्यांच्यापुढे केलं. माँजींनी चष्मा वर केला.

"म्हणजे माझं कुंकू याला चालत नाही?"

"दाराला चालतं. याला नाही. याला पाणीही चालत नाही, धूळ नाही, माझा हातसुद्धा चालत नाही. म्हणून मला बांधून घ्यावं लागतं."

माँजींनी पट्ट्याकडे बघितलं. "नारळ?"

"तो तर अजिबात नाही."

"फोडायचाच नाही?"

"फोडा. रस्त्याच्या पलीकडे फोडा."

माँजी विचारात पडल्या. माझं चुकलं, असं म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि त्या म्हणाल्याही नाहीत. "पुढच्या वर्षी दाराला लावू," त्या साहेबांना म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. "आणि ते मोठे दिवे नकोत आज. डॉक्टरने सांगितलंय, डोळ्याला उजेड नको. चंद्र आहे ना? हस्तीला सांग, दूध पऱ्हाट्यांवर आटव."

त्या गेल्या. व्यापारी आले तेव्हा फ्लडलाइट बंदच होते. वर चंद्र होता. जो तो म्हणाला, वा, काय कल्पना आहे, आणि शेठ त्यावर मान डोलावत राहिले. त्यांनी आईला काही म्हटलं नाही. आईला म्हणता येत नाही. पण कुणाला तरी म्हणावं लागतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डं कोरडी, स्वच्छ होती. हिरवं पडलेलं तांबं प्रज्ञाने खरडून, सोल्डरने डाख देऊन, लेप लावून घेतलं होतं. टेबलावर खोटा वेग देऊन तिन्ही कार्डांना विचारलं. तिन्ही खरं बोलली. तिने ती खाचेत बसवली, स्क्रू आवळले आणि म्हणाली, "कुलपं काढा."

तिने स्वतःचं काढलं. वनाने त्याचं. मंदाबाईंनी त्यांचं. बॉयलरवाला, डिकीवाला. मग सगळे चुडामणकडे बघायला लागले. चुडामण खिसे चाचपत होता. सगळे खिसे झाले, परत पहिल्यापासून सुरू केले.

"चावी घरी व्हती," तो म्हणाला. "घरन्या समद्या चाव्या सुमनबाईकडे. नि सुमनबाई काल माहेरले गयी. साक्रीले."

सुमनबाई त्याची बायको. फोन लागला. चावी पदराच्या गाठीत होती. बस पकडते म्हणाली.

हस्तीमल शेठ स्वतः आले होते. ते घड्याळ बघत उभे होते. "काप रे ते," ते म्हणाले. "मी मालक सांगतोय ना, चालेल. काय रे चुडामण?"

"कापा ना, शेठ," चुडामण म्हणाला. "जुनं शे."

"नाही," प्रज्ञा म्हणाली.

"आता काय?" शेठ म्हणाले. "त्याचं कुलूप, त्याची हरकत नाही, तुझं काय गेलं?"

"आज मालकाच्या सांगण्यावरून कापलं, तर उद्याही मालकाच्याच सांगण्यावरून कापलं जाईल. चावी येतेय. बसा."

ती 'बसा' इतकं सहज म्हणाली की शेठ बसले. बसायला एकच खुर्ची होती, चुडामणची. अख्खा कारखाना साक्रीच्या बसची वाट बघत राहिला. बॉयलर वाफ धरून बसला, सरकीचे ट्रॅक्टर फाटकाबाहेर उभे राहिले, आणि शेठ टर्बाइनच्या चाकासमोर, सुमनबाईने शिवलेल्या गोधडीच्या उशीवर. प्रज्ञाला वाटलं, ही खुर्ची कुठे आहे ते त्यांना सांगावं. मग वाटलं, राहू दे, मशीन बंद आहे.

रविंद्रसाहेब तिच्याजवळ येऊन उभे राहिले. पॅनलकडे बघत, हळू बोलले. "सोमवारपासून बोदवड. मी बोललो होतो त्यांच्याशी, ताई. खरंच बोललो."

"माहीत आहे."

"माझ्याने जमलं नाही."

"त्या स्टार्टरच्या दांड्याला कडी अडकवायला भोक आहे का?" प्रज्ञाने विचारलं.

"नसेल बहुतेक. जुना आहे."

"वनाभाऊंना सांगा, ड्रिल घेऊन एकदा येऊन जा म्हणावं."

सुमनबाई आली ती फाटकापासून थेट चालत आली, हातात माहेरची पिशवी, पायाला साक्रीची धूळ. शेठ उठून बाजूला झाले. तिने पदराची गाठ सोडून चावी चुडामणला दिली, त्याने कुलूप काढलं, आणि तिने ते उलटसुलट करून बघितलं.

"इतलासा कुलूपकरता माले साक्रीथून बलायं?"

"हा," चुडामण म्हणाला.

"नि तुन्ही खुर्ची अजून तठेच शे?"

चुडामणने खुर्ची उचलली आणि पार भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तिथे वारा येत नव्हता.

टर्बाइन चढलं. पूर्ण वेगाला आल्यावर प्रज्ञाने तिन्ही कार्डांना वाढीव वेगाचा खोटा इशारा दिला. झडप धप्पकन पडली. वाफ फुसफुसत वर गेली. बाहेर कुणीतरी हळहळलं. प्रज्ञा मात्र पहिल्यांदाच हसली, थोडंसं. मग टर्बाइन परत चढवलं आणि या वेळी ते फिरत राहिलं.

तिने चिमटा काढला, पट्टा सोडला. मनगटावर एक फिकट पट्टी उरली होती, बांगडी नाही आणि घड्याळही नाही. पट्टा कंपनीचा होता. तो तिने खिळ्याला अडकवला. शेजारच्या खिळ्याला चुडामणने लाल कडी टांगली आणि तिच्यात आपलं पितळेचं कुलूप अडकवून ठेवलं, दुसऱ्या भोकात. वनाने पेटीचं कुलूप परत आणलं, तिसऱ्या भोकात. मंदाबाई म्हणाल्या, साखर तशीही राहिली नाही, आणि त्यांचंही तिथे लटकलं. पहिल्या भोकाला कुणी हात लावला नाही.

फाटकावर वॉचमनने नेहमीप्रमाणे पिशवी उघडायला सांगितली. कारखान्यातून काही बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांची उघडायचे.

"काय आहे, ताई?"

"डबा. आणि कुलूप."

"कंपनीचं?"

"माझं."

त्याने कुलूप हातात घेतलं. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचा फोटो बघितला, मग तिचा चेहरा. दोन्ही जुळवायला त्याला जरा वेळ लागला.

"आणि चावी?"

प्रज्ञाने मूठ उघडून दाखवली, परत मिटली, आणि बसस्टॉपच्या दिशेने चालू लागली.